एका नगराची दोन दप्तरे

आपल्याकडच्या जुन्या मुलकी दप्तरांतून लोकांच्या मोजदादीला 'खानेसुमारी' म्हणत. तिच्या जोडीला 'शिरगणती' हा शब्द आला, आणि आज 'जनगणना' हा तिसरा शब्द सरकारमान्य झाल्यामुळे पहिले दोन्ही शब्द कोशांच्या पानांत विसावले आहेत. तिन्हींचा अर्थ एकच, असे समजून चालण्याचा आपला प्रघात आहे. परंतु 'खाना' म्हणजे घर आणि 'शीर' म्हणजे मस्तक. तेव्हा शब्दार्थ धरून बोलायचे तर एका मोजणीत घरे हिशेबाला येतात आणि दुसरीत माणसे. ज्या काळी माणूस ज्या घरात जन्मे त्याच घरात वाढे, त्याच घरच्या शेतात राबे आणि त्याच घराच्या ओटीवर डोळे मिटी, त्या काळी या भेदाला व्यवहारात फारशी किंमत नव्हती. पण घर एका मुलखात आणि शीर दुसऱ्या मुलखात, अशी लाखो माणसांची स्थिती होऊन बसली म्हणजे या दोन मोजण्या एकमेकींपासून फारकत घेतात. आणि आधुनिक नगर म्हणून जी वस्तू आपण ओळखतो तिचा जन्म बहुधा याच फारकतीतून झालेला असतो. मुंबईची लोकसंख्या कशी वाढली, हा या प्रकरणाचा विषय आहे. आणि तिचा जमाखर्च एकट्या मुंबईच्या दप्तरावरून जुळत नाही, हे दाखवणे हा त्याचा हेतू आहे.

आरंभ एका योगायोगापासून करू. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा तह झाला आणि त्या तहनाम्याने मुंबई बेट आंदणादाखल इंग्लंडच्या पदरात पडले. पुढच्याच वर्षी, १६६२ साली, खुद्द लंडनमध्ये जॉन ग्रॉन्ट नावाच्या, कापडचोपड आणि शिवणसामान विकून उपजीविका करणाऱ्या एका दुकानदाराने एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. लंडनच्या चर्चांतून दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापून निघत. लोक त्या चाळत, साथ वाढते आहे की उतरते आहे एवढे पाहत आणि फेकून देत. ग्रॉन्टने त्या अनेक वर्षांच्या याद्या एकत्र केल्या, त्यांच्याशेजारी बाप्तिस्म्यांच्या नोंदी मांडल्या आणि व्यापाऱ्याच्या सवयीने बेरीज-वजाबाकी केली. तेव्हा त्याला दिसले की लंडनमध्ये जन्मणाऱ्यांपेक्षा मरणारे अधिक आहेत. आणि तरीही लंडन घटत नाही, उलट वाढते आहे. याचा उलगडा एकच होता: शहरातली तूट खेड्यांतून येणारी माणसे भरून काढीत होती, आणि भरून उरत होती. ज्याच्या पदरात मुंबई पडली होती त्याच दुसऱ्या चार्ल्सने या दुकानदाराची रॉयल सोसायटीकडे शिफारस केली. राजाला आंदण मिळालेल्या त्या दूरच्या बेटावर ग्रॉन्टचा हा सिद्धांत पुढे दोनशे वर्षांनी अक्षरशः खरा ठरणार आहे, याची कल्पना मात्र दोघांपैकी कोणासही असणे शक्य नव्हते.

त्या वेळची मुंबई म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे, त्यांच्यामधल्या खाड्या, नारळीची आगरे, मिठागरे आणि कोळ्यांची वस्ती. वस्ती दहा हजारांच्या आसपास असावी, असा त्या काळचा अंदाज सांगितला जातो. राजाला या बेटाचा उपयोग काय करावा हे उमगेना, म्हणून १६६८ साली त्याने ते वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने मात्र बेटाचे मर्म ओळखले. बंदर उत्तम, पण बंदराला माणसे हवीत; म्हणून त्याने न्यायासनांची व्यवस्था लावली, निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना अभय दिले आणि त्यांना बेटावर येऊन राहण्यास उत्तेजन दिले. म्हणजे मुंबईची वाढ पहिल्या दिवसापासून पाळण्यांतून झाली नाही, ती पडावांतून झाली. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीजवळचे खिंडार हॉर्नबीच्या बांधाने बुजले, भरतीचे पाणी आत शिरेनासे झाले, १८३८ साली कुलाब्याचा आणि १८४५ साली माहीमचा रस्ता पाण्यावरून झाला, आणि सात बेटांचे एक बेट बनले.

१८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. मराठी माणसाने मराठीत या नगराचा घेतलेला तो पहिला सविस्तर मागोवा. माडगावकर मूळचे गोव्याकडचे. म्हणजे मुंबईचे पहिले मराठी चरित्रही बाहेरून आलेल्याच्याच हातून लिहिले गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६४ साली, शहराची पहिली पद्धतशीर शिरगणती झाली आणि आकडा निघाला ८,१६,५६२. तो काळ मोठा विलक्षण होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेनासा झाला होता, हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि भोरघाटातून नुकतीच सुरू झालेली आगगाडी देशावरचा कापूस बंदरावर आणून ओतत होती. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. आणि १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची संख्या ६,४४,४०५ भरली. पावणेदोन लाख माणसे कमी! ही माणसे मेली नव्हती. जशी आली तशी ती परत गेली होती, कारण त्यांची घरे जेथे होती तेथेच होती. मुंबईला आली होती ती केवळ शिरे.

या टप्प्यावर थोडे थांबून जगाकडे दृष्टी टाकणे अगत्याचे आहे. माणसाची संख्या एक अब्ज होण्यास एकोणिसाव्या शतकाचा आरंभ उजाडावा लागला. दुसरा अब्ज १९२७ च्या सुमारास, तिसरा १९६० च्या सुमारास पुरा झाला, आणि आठवा अब्ज २०२२ साली पुरा झाल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. या वाढीचे कारण माणसे अधिक मुले प्रसवू लागली हे नसून, जन्मलेली मुले जगू लागली हे आहे. पूर्वी घरोघर पाच-सहा पाळणे हलत आणि त्यांतले दोन-तीन अकाली रिते होत. जन्म आणि मृत्यू यांची पारडी जवळजवळ समतोल राहत. मग स्वच्छ पाणी आले, देवीची लस आली, दुष्काळी मुलखात आगगाडीने धान्य पोचू लागले, आणि मृत्यूचे पारडे वर गेले. जन्माचे पारडे मात्र जुन्या सवयीने आणखी दोन-तीन पिढ्या तसेच राहिले. या मधल्या अवधीत जी वाढ होते तिलाच आपण लोकसंख्येचा विस्फोट म्हणतो. पुढे मुले जगतात असा भरवसा आईबापांना आला, मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, म्हणजे जन्माचे प्रमाणही उतरते आणि पारडी पुन्हा समतोलावर येतात. हिंदुस्थानात हा पालट १९२१ पासून मोजतात. कारण १९११ ते १९२१ या दशकात, मुख्यतः १९१८ च्या इन्फ्लुएंझाने, देशाची संख्या किंचित घटली होती, आणि त्यानंतर ती एकाही दशकात घटलेली नाही.

त्याच १९२१ च्या शिरगणतीत मुंबईविषयी जे निघाले ते ग्रॉन्टने वाचले असते तर त्याने समाधानाने मान डोलावली असती. संख्या ११,७५,९१४, आणि त्यांपैकी मुंबईतच जन्मलेले शेकडा अवघे सोळा. उरलेले चौऱ्याऐंशी बाहेर जन्मलेले होते. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या घरात. ज्या नगरात दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री, तेथे घरे कितीशी असणार? त्या स्त्रिया कोठे होत्या हे पाहायचे असेल तर मुंबईचे दप्तर मिटून रत्नागिरीचे उघडावे लागते. तेथे पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक, आणि तीही एखाद्या गणनेत नव्हे, गणनेमागून गणनेत. दोन्ही पाने एकमेकांशेजारी ठेवली तर एकाची उणीव दुसऱ्यात जमेला दिसते. ज्याचे शीर परळला मोजले गेले त्याचे घर मालवण, राजापूर, संगमेश्वर अशा एखाद्या तालुक्यात उभे होते, आणि त्या घरात त्याची बायको, म्हातारे आईबाप आणि मुले भातशेती सांभाळीत होती.

कोकणाने माणसे का धाडली, याला एकच एक कारण नाही. जांभ्या दगडाचा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, एकाच पावसावरचे भात आणि वरकसावरची नाचणी-वरी. त्यातही खोताचे देणे आधी, आणि वाटण्या होत होत शेताचे झालेले तुकडे. पूर्वी हीच माणसे पलटणीत जात. गिरण्या निघाल्या तशी ती गिरणीकडे वळली. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला चालू झाली, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत लाखाहून अधिक हात राबत होते. गावचा मुकादम गावचीच माणसे भरती करी. ती बंदरावरून आगबोटीने येत आणि भाऊच्या धक्क्यावर उतरून थेट गावकीच्या खोलीवर जात. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जणांचे बिऱ्हाड. पाळी बदलली की वळकटी बदले, एकाच्या उबेत दुसरा निजे. जेवण खानावळवालीकडे, आणि ती खानावळवालीही बहुधा गावकडचीच एखादी विधवा. महिनाअखेर मनिऑर्डर. शिमग्याला किंवा गणपतीला बोटीची तिकिटे काढून हा चाकरमानी गावी जाई, तेव्हा वर्षातून पंधरा दिवस त्याचे शीर आणि त्याचा खाना एके ठिकाणी येत.

घर गावी ठेवण्यात अडाणी हट्ट होता, असे जे त्या वेळचे काही साहेब आणि काही गिरणीमालकही म्हणत, त्यांनी १८९६ साल आठवावयास हवे होते. त्या साली मांडवी भागात ताप आणि गाठींचा विकार दिसू लागला, आणि मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबरात तो प्लेग आहे असे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत शहर ओस पडले. १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्मे लोक मुंबई सोडून गेले होते. संप, टाळेबंदी, बेकारी, म्हातारपण, साथ, यांपैकी कशाचाच विमा त्या नगराने उतरवलेला नव्हता. तो विमा गावच्या घराने उतरवला होता. सव्वाशे वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, हमरस्त्यावरून डोक्यावर गाठोडी घेऊन चालत निघालेली माणसे आपण सर्वांनी पाहिली; रोग निराळा, गावे बहुतांशी निराळ्या प्रांतांतली, पण ती वाट तीच होती.

या दोन दप्तरांच्या घोळाचा एक नमुना तर फार बोलका आहे. १९२१ सालच्या मुंबईच्या आरोग्यखात्याच्या आकड्यांत हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यू दिसतात. आकडा अंगावर काटा आणणारा आहे आणि एका खोलीत कोंडलेल्या जिण्याची भीषणता त्यात आहेच. परंतु त्यात हिशेबाचाही एक दोष आहे. बाळंतपणाला बाई माहेरी, गावी जाई. जन्म गावच्या पाटलाच्या वहीत लागे. आणि काही महिन्यांचे मूल घेऊन ती चाळीत परत आली आणि ते दगावले तर मृत्यू मुंबईच्या वहीत लागे. जमा एका दप्तरी आणि खर्च दुसऱ्या दप्तरी पडल्यावर बाकी खरी कशी निघावी?

याच १९२१ सालाला आणखी एक महत्त्व आहे. देशाची संख्या अजून वाढू लागायची होती, तोच रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. पुढे १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि त्यापायी नोकरी, पैसा आणि लौकिक या तिन्हींवर पाणी सोडले. आज महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण पावणेदोनाच्याही खाली आले आहे, म्हणजे पिढीची जागा पिढीने भरून काढण्यास लागते त्याहूनही कमी. कर्वे हयात असताना त्यांना वेडा ठरवणाऱ्यांच्या नातवंडांनी त्यांचे म्हणणे, त्यांचे नावही न घेता, मुकाट्याने अमलात आणले.

स्वातंत्र्यानंतर या नगराचे दप्तर निराळ्या रीतीने फुगले. १९५० आणि १९५७ साली हद्द वाढवीत वाढवीत ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. १९६१ साली बृहन्मुंबई ४१,५२,०५६ होती, १९८१ साली ८२,४३,४०५ झाली, म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट. फाळणीचे निर्वासित आले, १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे आली, दक्षिणेतून आणि उत्तरेतून माणसे येतच राहिली. पण याच काळात आतल्या आत एक बदल झाला. एकटा येणारा पुरुष बायकोमुलांना आणू लागला, मुले येथेच जन्मू लागली, आणि शहरातल्या स्वच्छ पाण्यामुळे व औषधांमुळे ती जगूही लागली. जन्मापेक्षा मृत्यू अधिक हा ग्रॉन्टचा नियम मोडला. नगर आता स्वतःच्या पाळण्यांतून वाढू लागले. २०११ साली मुंबई उपनगर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८६० स्त्रिया होत्या. सव्वापाचशेपासून तेथवर यायला नव्वद वर्षे लागली. शिराच्या शोधात खाना शहरात आला. मात्र त्याला जागा मिळाली ती बहुतेक वेळा नाल्याकाठी, पत्र्याखाली. २०११ च्या गणनेत बृहन्मुंबईतल्या दर पाच माणसांपैकी दोन झोपडवस्तीत राहणारी होती.

आणि मग ज्या गिरण्यांसाठी हे सारे घडले त्याच थंडावल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही, तो विरून गेला. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, गिरणगावातल्या खोल्यांना पूर्वी कोणी स्वप्नातही पाहिला नसेल असा भाव आला, आणि खोली विकून आलेल्या पैशांत बदलापूरला किंवा विरारला दोन खोल्या येतात हे गणित घरोघर मांडले जाऊ लागले. मूळच्या बेटावरची, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याची, वस्ती २००१ साली ३३,३८,०३१ होती, ती २०११ साली ३०,८५,४११ झाली. त्याच दशकात ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला, आणि २०१४ साली त्यातून पालघर वेगळा काढावा लागला.

चाकरमान्याच्या नातवाचा खाना आता डोंबिवलीला आहे आणि शीर रोज सकाळी आठ-बाराच्या लोकलने फोर्टात किंवा बीकेसीत जाते. आजोबांच्या बाबतीत घर आणि शीर यांची ताटातूट वर्षाची होती. नातवाच्या बाबतीत ती दिवसाची आहे. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली तेव्हापासून हे अंतर लांबत आणि हा काळ आखडत आला आहे. रात्री जेथे निजायचे तेथे माणूस मोजला जातो, हा जनगणनेचा शिरस्ता; त्यामुळे दुपारी बारा वाजता दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर जी गर्दी असते ती त्या जिल्ह्याच्या दप्तरात सापडत नाही. तिचे पाणी, तिचा कचरा, तिचे जिने आणि तिचे पूल मात्र त्याच शहराला पुरवावे लागतात.

२०११ च्या गणनेत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. दीडशे वर्षे ज्यांच्या वह्या एकमेकींच्या जमेला खर्च आणि खर्चाला जमा लिहीत आल्या, त्या तिघांच्याही पानावर एकाच वेळी वजाबाकी आली. वरवर पाहता हा चमत्कार वाटेल. पण आतापर्यंतचा हिशेब ज्याने ध्यानात ठेवला असेल त्याला त्यात काही नवल वाटणार नाही. मुंबईच्या खोलीतून शीर गेले, कोकणच्या घरातून बायकामुले गेली, आणि दोघेही मध्येच कोठेतरी, लोकलच्या एखाद्या स्टेशनाबाहेर, एका छपराखाली एकत्र आले. त्या छपरासाठी खाडी बुजली, भातशेते गेली आणि प्रवासाचे चार तास गेले, ही त्याची किंमत झाली. परंतु नवरा, बायको आणि मुले बारमाही एकत्र जेवतात, ही गोष्ट १९२१ च्या मुंबईत फार थोड्या कामगारांच्या वाट्याला आली होती, हेही त्या हिशेबात लिहिले पाहिजे.

जनगणनेपूर्वी घरयादी होते. गणकाने कोकणातल्या एखाद्या वाडीवर जावे, पायवाटेवरचे गवत बाजूला सारावे, कुलूप घातलेल्या दारावर क्रमांक घालावा आणि रकान्यात 'बंद' असे लिहून पुढच्या घराकडे वळावे, हे आता नवलाचे राहिलेले नाही. आत देवघर असते, भिंतीवर आजोबांची तसबीर असते, गणपतीत पाच दिवस तेथे दिवा लागतो. जुन्या खानेसुमारीच्या कारकुनाने ते घर निःशंकपणे एक असे मांडले असते. नव्या गणकाच्या कागदावर त्याच दारासमोर माणसांच्या रकान्यात शून्य पडते. आणि आपापल्या परीने दोघांचाही हिशेब बरोबर असतो.